पावसाळ्याआधी गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांची डागडुजी : सुरुवात कुठून करावी?

तेरणाकाठ
राम राम मंडळी.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही काही जणांनी ठरवलंय, मृगाच्या आत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांची डागडुजी करून द्यायची. लेकरं पुण्याला, चाकणला, हैदराबादला. घरी म्हातारा-म्हातारी, नाहीतर दोघांतलं एकच. घरं जुनी, बहुतेक माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेली. २०२५ च्या सप्टेंबरातला पाऊस तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. जी घरं पडली त्यांचे पंचनामे झाले. जी पडली नाहीत, नुसती हलली, त्यांच्याकडं कोण बघणार? भिंतीला पोट सुटलंय, सर (छपराचं आडवं लाकूड) कुजलाय, न्हाणीचं पाणी पायात मुरायलंय, आणि त्याच घरात माणसं रोज झोपायलीत. घरकुल योजनेतून नवं घर मिळतं. निखळलेली चौकट बसवून द्यायला कुठलीच योजना येत नाही.

आमच्याकडं दोन गवंडी आहेत, एक सुतार आहे, हाताखाली राबायला पोरं आहेत. आधी काय हातात घ्यावं? सामानाचा पैसा कसा उभा करावा? घर मुलाच्या नावावर आणि मुलगा बाहेरगावी असेल तर काय जपावं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

परभणीकर
फार गरजेचा विषय. छपरापासून धरा. वर कोरडं असलं की खालचं सगळं नंतर बघता येतं.

मुरूम-माती
तेरणाकाठ, मी सिव्हिलचा माणूस. नोकरीची सुरुवातच भूकंपानंतर किल्लारी भागातल्या घरांच्या मजबुतीकरणावर झाली. परभणीकर म्हणतात ते एका अर्थी खरं, पण मी छपराआधी भिंत बघेन.

आपल्याकडची जुनी दगडी भिंत दोन पदरांची असते. आत एक, बाहेर एक, मधे बारीक दगड आणि मातीचा भराव. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नसतो. पाणी मुरलं की भराव फुगतो, बाहेरचा पदर सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा याच भिंती फाकल्या आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. भूकंप कधीतरी येतो, पाऊस दरसाल येतो आणि भिंतीचं तेच नुकसान हळूहळू करत राहतो. म्हणून प्रत्येक भिंतीला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावून बघा. पोट नवं आहे की जुनं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नेमकं माहीत असतं, त्यांना विचारा.

आता माळवद. गळलं की वर पांढरी माती टाकायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जुनी माती मात्र कुणी उतरवत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती असेल तर कोरडेपणीच साडेचार टनांच्या आसपास वजन होतं. मी दोन फुटांची माळवदं पाहिलीत. भिजल्यावर काय होत असेल, हिशेब करा. गळतंय म्हणून आणखी माती टाकू नका, हे पहिलं. आतून तुळईला टेकू द्या, घर रिकामं करा, मग दोन्ही बाजूंनी सारखी माती उतरवा. एकीकडून सगळी उतरवली तर भार एकाच भिंतीवर जातो. चार-सहा इंच ठेवा, त्यात मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, वरच्या थराला पन्हाळीकडं उतार द्या. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरक्या लाकडी पट्ट्या ठोका. आरपार दगड नसेल तर भिंतीत ठिकठिकाणी एकेक दगड अलगद काढून आरपार भोक करायचं, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. एक भरलं, सुकलं, की मग दुसरं.

आणि मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कुणी कितीही आग्रह केला तरी नको. आतली ओल आतच राहते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा भिंतीचे पोपडे घेऊन खाली येतो.

काळी कसदार
मुरूम-माती साहेब, आमच्याकडं जालना भागात काळ्या जमिनीत बांधलेल्या विटांच्या घरांना उन्हाळ्यात तिरप्या भेगा पडतात. पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात. गवंडी दरवर्षी सिमेंट भरून पैसे घेतो.

मुरूम-माती
काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते, पाया वर-खाली होतो. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भेगा भरून उपयोग नाही. घराभोवती तीन-चार फुटांची फरशी किंवा मुरमाची पट्टी करा, बाहेरच्या बाजूला उतार द्या, न्हाणीचं पाणी पाइपनं लांब न्या. पायाजवळची माती सदा सारखीच ओली किंवा सारखीच कोरडी राहिली पाहिजे. भिंतीला लागून असलेलं मोठं झाडही उन्हाळ्यात पायाची ओल ओढून घेतं.

बालाघाट
आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीवाले. दसरा-दिवाळीला टोळ्या निघाल्या की आमच्या वस्तीवर फक्त म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं उरतात. माझी आजी सहा-सहा महिने घर सांभाळायची. रात्री वाऱ्यानं पत्रा वाजायला लागला की दगड ठेवायला ती स्वतः शिडीवर चढायची. पत्र्यावरच्या दगडांबद्दल इथं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो आणि त्याच्यावरचे दगड खाली झोपलेल्यांवर येतात. माणसं गेलीत अशानं. हूकबोल्ट मारून पत्रा अँगलला आवळा, खाली रबरी वायसर घाला, कडेचे बोल्ट जवळजवळ घ्या, कारण वारा कडेनंच पत्रा उचलतो. एकदा पत्रा आवळला की दगड सगळे उतरवून टाका. आजी म्हणायची दगड असलेला बरा. दगडाचा भरवसा वाटतो माणसाला, पण उतरवाच.

दुसरं. आमच्याकडं पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की माणसं परत येतात, ती मार्च-एप्रिलात. उन्हाळ्याचे ते दोन महिनेच घरात गडी माणूस असतो. तुमच्या गावातही कुणी तोडीला जात असतील तर त्यांना या कामात घ्या. उंचावर चढायला आणि वजन उचलायला त्यांच्यासारखा माणूस नाही.

सडेतोड
मला हा उद्योगच पटत नाही. मुलगा चाकणला कमावतो, हप्त्यावर गाडी घेतो, आणि त्याच्या आईचं घर गावानं वर्गणी काढून नीट करायचं? उद्या प्रत्येक जण म्हणेल, गाव बघतंय ना. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडं न्यायाधिकरण बसतं, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवून मिळतो. आधी त्या मुलांना तिथं उभं करा.

गोदाकाठची
सडेतोड दादा, कायदा हवाच, आणि ज्या घरात मुलं खरंच बघत नाहीत तिथं वापरावाही. पण स्वतःच्या लेकाला तहसीलच्या आवारात उभं करणारी माय मला आजवर भेटलेली नाही. ती म्हणते, ‘त्याचं त्यालाच पुरत नाही’. आणि मृग काही तारखांसाठी थांबत नाही.

चाकणवाला
सडेतोड, तो मुलगा मी आहे असं समजा. कंत्राटी नोकरी, खोलीचं भाडं, दोन लेकरांची शाळा. आईला इकडं आणलं होतं, तिचा जीव रमला नाही. दर दिवाळीला गेलो की मी काहीतरी दुरुस्त करतो, पण दिवाळीत माळवद उतरवता येत नाही आणि मे महिन्यात सुट्टी मिळत नाही. गावात कुणी भरवशाचं माणूस काम करून घेणार असेल तर मी पैसे आनंदानं पाठवीन. गवंडी सामान किती सांगतो, खरं किती लागतं, हे दोनशे-तीनशे किलोमीटरवरून मला कसं कळणार? तेरणाकाठ, तुमच्यासारखा गट आमच्या गावात असता तर माझी रात्रीची झोप परत आली असती.

सडेतोड
चाकणवाले, तुमच्यासारख्यांवर राग नाही. माझं म्हणणं एवढंच की मुलाला यातून सूट मिळू नये. सामानाचा खर्च ज्याला शक्य आहे त्या मुलानं द्यावा, मजुरी गावानं द्यावी. ज्याला कुणीच नाही त्याचं सगळं गावानं करावं. असं असेल तर माझीही वर्गणी घ्या.

परभणीकर
वाटणी चांगली आहे ही. चाकणवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर: रोख पैसे कुणाच्याच हातात देऊ नका. दुकानदाराला थेट पाठवा आणि बिलाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाका. आमच्या गावातल्या मंदिराचं काम असंच झालं, एका रुपयावरून वाद झाला नाही.

ओसरीवरची
सगळे भिंती आणि छपरांबद्दल बोलायलेत म्हणून मधे येते. मी आशा कार्यकर्ती होते, घराघरांत जाणं असायचं. म्हाताऱ्या बायांना विचारलं की घरात काय दुरुस्त करायचं, तर पहिल्यांदा ‘काही नाही बाई’ म्हणतात. बसून राहिलं, चहा झाला, की मग बोलतात. एक मावशी म्हणाल्या, न्हाणीच्या दाराला कडी नाही, म्हणून उजाडायच्या आत अंघोळ उरकते. अंधारात, निसरड्या दगडावर. बघा, कडी किती रुपयांची असते! दुसऱ्या एक आजी रात्री पाणीच पीत नव्हत्या, कारण संडास अंगणाच्या टोकाला, पायरी उंच आणि दिवा नाही.

तर तुमच्या यादीत हे घाला: न्हाणीला आतून कडी, पण अशी की अडचणीत बाहेरून उघडता येईल. न्हाणीतला दगड छिन्नीनं खरखरीत करून घ्या. संडासात आणि न्हाणीत भिंतीला लोखंडी पाइप, त्या माणसाला उभं करून, हात कुठं जातो ते बघून बसवायचा. उंच पायरीच्या आधी एक बुटकी पायरी. अंगणात बल्ब, त्याचं बटण खाटेजवळ. सवण्याचंही, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकाचंही, बघा. पाऊस आला की सवण्यावर परात झाकायला म्हातारी माणसं माळवदावर चढतात आणि तिथूनच पडतात. चार विटा लावून वर पारदर्शक पत्र्याचा तुकडा कायमचा बसवला की उजेडही राहतो आणि चढणंही संपतं.

तेरणाकाठ
ओसरीवरची ताई, सवण्याचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. कालच गल्लीतल्या आबांना विचारलं, तेही परात घेऊन चढतात. वय ऐंशीच्या पुढं.

औंढेकर
आबा लोकांना कामाला लावा बरं का. आमच्याकडं माती उतरवायला पोरं गेली, तर घरातले आजोबा खाटेवर बसून प्रत्येक तुळई कुठल्या शेतातल्या कडुलिंबाची ते सांगत होते. पोरं ऐकत बसली, काम दुसऱ्या दिवसावर गेलं. पण त्यांनीच दाखवलं की कुठला सर आतून पोकळ आहे. काठीनं वाजवून. 😀

आयटीआय गुरुजी
वीजतंत्री शिकवतो, लातूर जिल्हा. कृपा करून वायरिंग विसरू नका. पत्र्याच्या घरात वीज आणणारी वायर पत्र्याच्या धारेवर घासते, कवच जातं, आणि पहिल्या पावसात सगळ्या घरात करंट उतरतो. कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्याच पत्र्याच्या अँगलला बांधलेली असते. ओलं लुगडं टाकायला गेलेली बाई तिथंच चिकटते.

तार काढून नायलॉनची दोरी लावा. हे काम फुकटात आणि आजच होतं. वायर जिथं आत येते तिथं पीव्हीसी पाइप घाला. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा, विजेची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. फ्यूजनं किंवा साध्या एमसीबीनं ते होत नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की निकामी होतो, आपल्या काळ्या जमिनीत तर भेग पडून सळई उघडी पडते. त्यात पाणी घालत राहायला घरातल्या माणसाला शिकवा. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना पत्र द्या, शिक्षकासोबत मुलं आली तर दिवसभरात बरीच घरं तपासून होतात, आणि मुलांना वर्गात मिळत नाही तो अनुभव मिळतो. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरंही असतात, बहुतेक हिवाळ्यात. दगड वाहणं, नाली काढणं यासाठी पुढच्या वर्षी त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

काळी कसदार
एवढं सगळं माळवदावर खर्च करण्यापेक्षा सरळ पत्रा टाकावा. झंझट संपली.

औंढेकर
मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसला पत्र्याखाली दुपारी बसून दाखवा! माळवदाखाली पंख्याशिवाय डोळा लागतो. तुरी, कुरड्या, पापड वाळवायचे कुठं, रात्री अंग टाकायचं कुठं?

काळी कसदार
बसलोय की, जन्मभर बसतोय. पण पत्रा पडून कुणी दबत नाही.

मुरूम-माती
दोघांचंही खरं. म्हाताऱ्या माणसाला ऊनही मारतं. भिंती धड असतील तर पातळ केलेलं माळवद ठेवा. भिंती गेल्या असतील तर माती पूर्ण उतरवून पत्रा टाका, त्याच्या खाली तट्ट्याचं (बांबूच्या चटईचं) किंवा फळ्यांचं आतलं छत करा आणि पत्र्याला वरून चुना मारा, ऊन बरंच परततं.

किल्लारीनंतरचं एक सांगतो. बावन्न गावं नव्या जागी बसवली, पण त्याहून कितीतरी जास्त घरांना जागेवरच दुरुस्तीसाठी मदत मिळाली. पुष्कळ लोकांनी त्या पैशात जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली आणि झोपायला तिकडं गेले. आम्ही तेव्हा नाराज व्हायचो. आज वाटतं त्यांचा विचार पक्का होता. सगळं घर सुधारायला पैसा नसेल तर जिथं माणूस झोपतं ती एक खोली आधी निर्धोक करा. नाहीतर निदान खाट हलवा. पोट सुटलेल्या भिंतीपासून लांब, दाराजवळ.

बालाघाट
खाट हलवा, हे सगळ्यात भारी. आजच घरी सांगतो.

गोदाकाठची
पैशांबद्दल, मी पंचायत समितीत होते त्या आधारावर लिहिते. आपत्तीच्या २०२२-२६ च्या निकषांत पक्कं घर अंशतः पडलं तर ६,५०० रुपये आणि कच्चं असेल तर ४,०००, तेही किमान पंधरा टक्के पडझड असेल तेव्हा. पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,०००. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरात कुणीतरी बोलणारं माणूस हवं. म्हाताऱ्या माणसाला मागच्या खोलीची भिंत दाखवायचं सुचत नाही. पाऊस येण्याआधीच प्रत्येक घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ज्या आजी-आजोबांकडं दिव्यांग प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठी उतार, आधाराचा पाइप, कमोड यांचा ठराव ग्रामसभेत मांडा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टच्या पुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यात कमोड खुर्ची, वॉकर, काठी येते. भिंतीला नाही, पण न्हाणीपर्यंत जायला उपयोगी. अडचणीत असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे, तो मोठ्या अक्षरात दाराआड लिहून ठेवा.

मालकीचं: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बघा, घर कुणाच्या नावावर आहे ते कळेल. मुलाच्या किंवा भावकीच्या नावावर असेल तर एका कागदावर संमती घ्या, बाहेरगावी असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. भाऊ-भाऊ वाटणीवरून भांडत असतील तर त्या भिंतीला हात लावण्याआधी दोघांनाही फोन करा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची संमती सगळ्यात आधी, उतारा कुणाच्याही नावावर असो.

ओसरीवरची
एक इशारा. जुन्या वाड्यांचे कोरीव सागवानी खांब, चौकटी हेरत व्यापारी फिरतात. ‘मावशी, हे कुजलंय, काढून नेतो, वर पत्रा टाकून देतो’ म्हणून मातीमोल भावात लाकूड नेतात. तुमचा गट कामाला लागला की असे लोक हमखास येतील. सुतारानं बघितल्याशिवाय एक फळीही जाऊ देऊ नका.

आणि फुकट नको म्हणणाऱ्या खूप भेटतील. त्यांना हट्टानं फुकट देऊ नका. कुणी भाकरी-ठेचा करून घालेल, कुणी शेंगा देईल, ते घ्या. ज्या दारी जेवलो त्या दारी आपणही निवांत होतो, आणि त्याही पुढच्या वेळी मोकळेपणानं हाक मारतात.

सडेतोड
लाकडाचं अगदी खरं. आमच्या आत्याचा देवघराचा चौकट-दरवाजा असाच गेला.

तेरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पारावर बसून हा धागा मोठ्यानं वाचला. ठरलं ते असं.

हा आठवडा फक्त घरोघर बसायचं, ओळंबा, काठी आणि वही घेऊन. दोन बाया सोबत असतील, त्याशिवाय कडीचं आणि संडासचं कुणी सांगणार नाही हे ताईंमुळं कळलं. पहिल्याच फेरीत लोखंडी तारा उतरवून नायलॉनची दोरी, पत्र्यावरचे दगड असतील तिथं हूकबोल्ट, आणि खाटा हलवणं. याला पैसा जवळजवळ लागत नाही. मग भिंती आणि माळवद, ज्यांच्या झोपायच्या खोलीला धोका आहे त्यांचं आधी. सामान मुलाचं, मजुरी गावाची, सडेतोड म्हणाले तसं. ज्यांना कुणी नाही अशा घरांचं सामान गावच्या पुणेकर मंडळींनी उचललंय. आयटीआयला पत्र उद्या जाईल.

एक अडचण राहिली. एका घराची तुळई बरीच खाली आलीय. लाकडी टेकूनं ती उचलली जाणार नाही, स्क्रू जॅक लागतील असं गवंडी म्हणतो. भाड्यानं कुठं मिळतील? आणि तुळई किती उचलावी?

मुरूम-माती
उचलायची घाई नको. आधी वरची माती उतरवा, अर्धी तुळई आपोआप हलकी होते. जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर शेणाच्या जमिनीत तो रुतेल. रोज अगदी थोडं-थोडंच उचला, आणि कडकड आवाज आला की तिथंच थांबा. वर आली की जॅक काढण्याआधी खांबाखाली दगडाची बैठक करून पाचर मारा. पोट सुटलेली भिंत जवळ असेल तर तिला बाहेरून तिरका टेकू दिल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

आयटीआय गुरुजी
जॅक भाड्यानं नका घेऊ. माझ्या मेव्हण्याकडं स्लॅबच्या सेंट्रिंगचे दोन आहेत, औशात. मे अखेरपर्यंत रिकामेच पडलेत. टेम्पो पाठवा, फोन नंबर तुम्हाला खासगी संदेशात देतो.

तेरणाकाठ
पाठवतो गुरुजी. रविवारी सकाळी आमचं पोरगं येईल.